पंधरावे कलम

गेल्या स्नेहमेळाव्यात गाण्याच्या भेंड्यांआधी आपण पटांगणात गोल करून बसलो आणि संविधान वाचले, हे सर्वांना आठवत असेल. कल्पना नागरिकशास्त्राच्या सरांची. उद्देशिका सर्वांनी मिळून म्हटली, मग मूलभूत हक्कांचे एकेक कलम एकेकाने वाचले. दहावीला आपण हीच कलमे गुणांसाठी पाठ केली होती आणि पेपर झाल्यावर विसरूनही गेलो होतो.

माझ्या वाट्याला पंधरावे कलम आले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको, इथपर्यंत मी भरभर वाचले. पुढे दुकाने, उपाहारगृहे आली आणि मग विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. 'विहिरी' या शब्दाशी मी अडखळले. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहीर कशासाठी?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादी ओळ विचित्र दिसली, तर ती कोणत्या बिघाडानंतर लिहिली गेली हे आम्ही आधी शोधतो. घरी गेल्यावर तेच केले.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. पाठोपाठ महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

पुढे डॉ. आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधान सभेत मसुद्यावर कलमवार चर्चा झाली. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले, तेव्हा त्यात विहिरी आणि तलाव नावानिशी होते.

आता माझ्या अडखळण्याचे खरे कारण सांगते. माझ्या आजोळी वाड्याजवळ गावाची विहीर होती. काही बायका घागरी घेऊन लांब उभ्या राहत आणि आजी वरून पाणी ओतून देई. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. संविधान लागू होऊन तीस वर्षे उलटली होती. मला आजीचे ते औदार्य वाटे. त्या बायकांनी स्वतः पाणी का शेंदू नये, हे मी कधी विचारले नाही. नागरिकशास्त्रात चांगले गुण मिळवूनही नाही.

वाचन संपल्यावर आपल्यातलाच एक मित्र चहा घेताना मला म्हणाला, "तू पाहून वाचलंस. आमच्या घरी हे कलम माझ्या आजीलाही तोंडपाठ होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं."

दहा वर्षे आम्ही एका वर्गात होतो. ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. पुढच्या मेळाव्यातही हे वाचन ठेवावे, आणि पंधरावे कलम त्याने वाचावे, अशी माझी विनंती आहे.