वणवा विझवणाऱ्याचा दाखला

साकोलीहून नागझिऱ्याच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात धानाच्या बांध्या मागे पडतात आणि जंगल सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये हे जंगल पाहण्यासारखे असते, आणि काळजी वाटण्यासारखेही. साग, ऐन, धावडा, तेंदू यांची पाने गळून जमिनीवर कोरड्या पाचोळ्याचा थर साचलेला असतो. पावलागणिक तो कुरकुरतो. मोहाची फुले टपटपत असतात. याच दिवसांत रात्री एखाद्या टेकडीवर लालसर, वाकडीतिकडी रेघ सरकताना दिसते. तो वणवा असतो.

तो विझवायचा कोणी? गावात घर पेटले तर आपण अग्निशामक दलाला बोलावतो. पण बंब रस्ता असेल तिथवरच जाणार. टेकडीच्या पलीकडे, रस्ता नसलेल्या जंगलात माणसांनाच पायी जावे लागते. ही माणसे कोण असावीत, याचे उत्तर आपल्या कायद्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. शिक्षकांनी तर ते मुद्दाम वाचावे.

भारतीय वन अधिनियम, १९२७चे कलम ७९ सांगते, की राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला काही हक्क आहेत, ज्याला वनोपज नेण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी आहे, अशा प्रत्येकाने जंगलात आग लागल्याचे कळताच ती विझवण्यासाठी ताबडतोब उपाय केले पाहिजेत. वन अधिकाऱ्याने बोलावले असो वा नसो. यादी इथे संपत नाही. जंगलाला लागून असलेल्या गावात जो कोणी सरकारी नोकरीत आहे, किंवा समाजाच्या कामासाठी सरकारकडून वेतन घेतो, त्याच्यावरही हेच बंधन आहे. जंगलकाठच्या शाळेतले गुरुजी आणि बाई या व्याख्येत सहज बसतात! कर्तव्यात कसूर केल्यास मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद, २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

म्हणजे आग कोणी विझवायची हे ठरलेले आहे. पण ज्याने विझवायची त्याला ती विझवता येते का, त्याच्या हातात काय आहे, आणि त्याला काही झाले तर त्याच्या घरच्यांचे काय, याबद्दल हे कलम एक शब्दही बोलत नाही. असे का झाले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा जिल्हा त्यात आला. त्या काळी इथल्या जंगलांत दर उन्हाळ्यात आगी लागत. नवे गवत यावे म्हणून, शेतीसाठी जागा साफ व्हावी म्हणून, शिकारीसाठी. ‘या आगी थांबवणे अशक्य आहे,’ असेच बहुतेक अधिकारी मानत. १८६४च्या सुमारास प्रांताचे वनसंरक्षक पीअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात प्रयोग केला. उन्हाळ्यापूर्वीच जंगलाभोवतीचे पट्टे ठरवून जाळून टाकायचे आणि आतले जंगल राखायचे. हे पट्टे म्हणजेच आजच्या जाळरेषा. प्रयोग साधला, आणि भारतात वणव्यापासून संरक्षणाची पद्धतशीर सुरुवात बोरीत झाली असे वनखात्याचा इतिहास सांगतो.

जाळरेषेची कल्पना साहेबाच्या नावावर लागली, पण अशा जंगलातले काम स्थानिक माणसांवाचून होणे शक्य नव्हते. वारा कधी पडतो, कोणता उतार आधी पेटतो, हे तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. १८७८च्या वन कायद्याने याच माणसांचे जंगलावरचे हक्क मोजूनमापून दिले आणि बदल्यात आग विझवण्याची सक्ती केली. १९२७च्या कायद्याने ती पुढे चालवली. आपल्याकडे ज्याला निस्तार म्हणतात, म्हणजे घरापुरते सरपण, चराई, गवत, त्याची ही किंमत होती. सक्तीच्या कामगाराला शिकवण्याची गरज सरकारला वाटत नाही. आणि शिकवायचेच नसेल तर प्रमाणपत्र तरी कशाचे द्यायचे?

शहरांतल्या आगींचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात होती. दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. पुढे १९५६मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि १९५७मध्ये ते नागपुरात आले. साकोलीपासून ते साधारण शंभर किलोमीटरवर आहे. आगीशी लढणे हे शिकण्याचे शास्त्र आहे, हे तिथे मान्य झाले.

स्वयंसेवकांसाठीही कायदा झाला. नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ हा युद्धकाळातील हवाई हल्ले डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा. दलात घेतलेल्या सदस्याला सदस्यत्वाचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद त्यात आहे. आग विझवणे, जखमींना हलवणे ही कामे स्वयंसेवकांना शिकवली जातात. पण या दलाचा भर राहिला तो शहरांवर. इमारतींसाठी महाराष्ट्राने २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम केला आणि डिसेंबर २००८पासून तो लागू झाला. इमारतीतील आगविरोधी यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून तपासून, ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो.

दाखला नीट घेतला गेला नाही तर काय होते याची आठवण भंडाऱ्याला करून द्यायला नको. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभर ‘फायर ऑडिट’ हा शब्द घरोघरी पोचला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ८ एप्रिल २०२१ रोजी, नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन मजूर होरपळून गेले. बातम्या आल्या, हळहळ झाली. पण ‘या माणसांचे प्रशिक्षण झाले होते का?’ हा प्रश्न ‘फायर ऑडिट’सारखा घरोघरी पोचला नाही. इमारतीतल्या पाण्याच्या नळाला सहा महिन्यांनी दाखला लागतो. जंगलात आगीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला तो लागतो असे कायदा म्हणत नाही.

असा दाखला असता तर त्यात काय तपासले गेले असते? हे समजायला वर्गात एक प्रयोग करता येईल. लाकडी फळीवर ओल्या मातीची पट्टी थापा. तिच्यात एकेक सेंटिमीटर अंतरावर, गूल वर ठेवून, दहा-बारा आगकाड्या रोवा. उघड्यावर, पाण्याची बादली जवळ ठेवून, शिक्षकांनी स्वतः पहिली काडी पेटवावी. फळी सपाट असताना आग पुढे जाते का, किती वेळात जाते, ते मुलांनी मोजावे. मग नव्या काड्या रोवून फळी एका बाजूने उचलून धरा आणि खालची काडी पेटवा. आता आग भराभर वर चढते. ज्वाळा आणि तापलेली हवा वर जातात आणि वरच्या काड्यांना आधीच तापवून ठेवतात. तिसऱ्यांदा वरची काडी पेटवा. आग खाली उतरताना रेंगाळते. शेवटी मधल्या तीन-चार काड्या काढून टाका आणि पाहा. ही झाली जाळरेषा.

या प्रयोगातून मुलांना जे दिसते ते जंगलात जीव वाचवते. वर सरकणाऱ्या आगीच्या वरच्या बाजूला, चढावर, कधी उभे राहू नये. पाचोळा बाजूला सारला की आगीचे इंधन संपते. हवा फेकणारी ब्लोअर यंत्रे मुख्यतः हेच काम करतात. जळून थंड झालेली जमीन ही बहुतेक वेळा सर्वांत सुरक्षित जागा, कारण तिथे जळायला काही उरलेले नसते. आणि अंगात सुती कपडे हवेत, कारण नायलॉन-टेरिलीन वितळून कातडीला चिकटते.

अमेरिकेने हे धडे फार मोठी किंमत देऊन शिकले. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटाना राज्यातील मान गल्च या दरीत चढावर आगीने गाठल्यामुळे १३ जण गेले. तुकडीचा प्रमुख वाचला, कारण त्याने समोरचे गवत स्वतःच पेटवून दिले आणि त्या जळलेल्या जागेत तो पालथा पडून राहिला. त्यानंतरच्या काळात तिथे नियम बांधले गेले. आज तिथे वणव्यावरच्या कामाची पात्रता ‘रेड कार्ड’वर नोंदलेली असते. सर्वांत कष्टाच्या कामासाठी सुमारे २० किलो ओझे घेऊन ४.८ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागते, आणि सुरक्षिततेची उजळणी दरवर्षी असते. जर्मनीत तर सुमारे दहा लाख लोक स्वयंसेवक म्हणून अग्निशमनाचे काम करतात. ते वेतन घेत नाहीत, पण मूलभूत प्रशिक्षण त्यांना चुकत नाही.

दाखल्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. अमेरिकेतील लहान गावांत तक्रार असते, की प्रशिक्षणाचे तास वाढत गेले तसे स्वयंसेवक कमी होत गेले. आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. परीक्षा लेखी असली तर ज्याला जंगल पाठ आहे तोच नापास होईल, आणि हंगामी मजुरी दाखलेवाल्यालाच मिळू लागली तर दाखल्याचाच बाजार होईल. म्हणून परीक्षा जंगलात, हाताने आणि तोंडाने घेतलेली हवी. शिवाय पीअर्सनच्या काळात राहून गेलेले कामही करायला हवे: त्या माणसाकडून शिकणे.

वाट अगदीच नवी नाही. १९९२पासून महाराष्ट्रात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्या आहेत, २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला वनसंरक्षणाचा अधिकार दिला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र, साहित्य आणि विमा मिळतो. मात्र तिचा २०२१मध्ये विस्तार झाला तेव्हा जिल्हे निवडले गेले ते पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप यांच्या धोक्यावरून. वणवा त्या यादीत नव्हता.

आज उपग्रह ३७५ मीटरच्या चौकटीपर्यंत आग टिपतो आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा इशारा मोबाइलवर येतो. पण इशारा वाचून पाचोळा तुडवत जाणारा माणूसच असतो. मोहाखालची जागा साफ करायला किंवा तेंदूला नवी पाने यावीत म्हणून लावलेली काडी हाताबाहेर गेली, की त्याच्याच गावचा कोणी तरी ती विझवायला निघतो. उद्या तो आपल्या वर्गातला मुलगा असेल.

कायदा बदलायला वेळ लागेल. आगकाड्यांच्या प्रयोगाला अर्धा तास पुरतो. जंगलकाठच्या शाळेत तो वणव्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याआधी, व्हायला हवा. तो झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: आग खालून वर येत असेल, तर तुम्ही कुठे उभे राहाल?