गर्भिणीचें मन आणि तिचा स्वभाव

गर्भिणीच्या मनाची दखल भारतांत फार प्राचीन काळीं घेतली गेली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत चौथ्या महिन्यांतील गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलें असून तिच्या इच्छा पुरवाव्या असें सांगितलें आहे. मराठी घरांतील ‘डोहाळे’ याच शब्दकुळांतले. परंतु एकच अवस्था एकीस प्रसन्न ठेवते आणि दुसरीस खिन्न करते, ती कां, हा प्रश्न उरलाच होता.

पॅरिसचे वैद्य लुई-व्हिक्तोर मार्से यांनीं १८५८ मध्यें गर्भिणी, प्रसूता व स्तनदा मातांच्या मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. ३१० रुग्णवृत्तें अभ्यासून त्यांनीं आनुवंशिक प्रवृत्तीकडे बोट दाखविलें. १९३३ मध्यें इंग्लंडांत डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनीं वेगळा विचार मांडला: भयानें शरीर ताठरतें आणि ताठरल्यानें वेदना वाढते, म्हणून गर्भिणीस प्रसूतीचें ज्ञान देऊन निर्भय करावें. हा विचार सहृदय खरा; पण त्यास दुसरी धारही होती. वेदना भयामुळें होत असेल, तर कण्हणारी स्त्री भित्रीच ठरली!

पुढें स्वभावाचेंच मापन सुरू झालें. मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनीं चिंताशीलता व बहिर्मुखता मोजणारी प्रश्नावली १९५९ मध्यें प्रसिद्ध केली. १९६८ मध्यें ब्राइस पिट यांनीं लंडनमधील ३०५ मातांची पाहणी केली, तेव्हां दर दहांत सुमारें एक प्रसूतीनंतर खिन्न आढळली. ज्यांचा स्वभाव मुळांत चिंताशील, त्यांस गर्भारपणांत व नंतरही खिन्नतेचा धोका अधिक, असें पुढील अनेक अभ्यासांनीं दाखविलें.

परंतु प्रवृत्ति म्हणजे विधिलिखित नव्हे. गोव्यांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत २३ टक्के माता प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं खिन्नतेनें ग्रस्त होत्या. त्यामागें दारिद्र्य व पतीशीं बेबनाव हीं कारणें होतीं; आणि मुलगी झाली, म्हणजे त्यांत भर पडे. जी व्यथा घरानें दिली, ती स्त्रीच्या स्वभावाच्या नांवावर खर्ची टाकणें हा मोठा अन्याय होय.

या दृष्टीनें १९८७ मध्यें स्कॉटलंडांत तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली लक्षणीय आहे. तिचे दहा प्रश्न ‘तुमचा स्वभाव कसा?’ असें विचारीत नाहींत. गेले सात दिवस कसे गेले, एवढेंच विचारतात. पुढें गर्भिणींसाठींही तिचा उपयोग होऊं लागला. स्वभावाचें ज्ञान जपण्यासाठीं असावें, दोष देण्यासाठीं नव्हे. चिंताशील गर्भिणीस ‘उगीच काळजी करूं नकोस’ या उपदेशानें धीर येत नाहीं. कोणीतरी शेजारीं बसून तिचें म्हणणें पुरतें ऐकून घेतलें, म्हणजे येतो. डोहाळे पुरविणाऱ्या घरास हें अवघड नसावें.