डोक्याला बांधलेलं मद्रास

३६ इंच बाजूचं एक चौरस कापड. ते तिरकं दुमडून त्रिकोण करायचा. त्याची लांब कड कपाळावर चापूनचोपून बसवायची, दोन्ही टोकं मागे नेऊन तिथून पुन्हा पुढे आणायची आणि गाठ मारायची. उरलेली टोकं मात्र खोचून लपवायची नाहीत. ती ताठ उभी राहायला हवीत, शेंड्यासारखी. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुशिया बेटावरच्या बायका या बांधणीला ‘तेत आनले’ म्हणतात, म्हणजे ‘डोकं वर’. ज्या बायकांच्या पणज्यांना मान खाली घालून उसाच्या मळ्यात राबावं लागलं, त्यांनी आपल्या डोक्यावरच्या फडक्याला हे नाव दिलं.

कापडाचं नाव त्याहून ओळखीचं आहे: मद्रास. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा रंगांचे चौकडे असलेलं हे सुती कापड आज डोमिनिका, सेंट लुशिया, मार्टिनिक, ग्वादेलूप, अँटिग्वा या बेटांची ओळख आहे. सणाला, लग्नाला, स्वातंत्र्यदिनाला ते कपाटातून बाहेर येतं. शाळेतली पोरंसुद्धा त्या दिवशी त्याचे घागरे आणि सदरे घालून जातात. पण या बेटांवर हे कापड कधीच विणलं गेलं नाही. ते आलं कोरोमंडल किनाऱ्यावरून, पुलिकतपासून नागपट्टणमपर्यंतच्या विणकर वस्त्यांमधल्या हातमागांवरून.

या कापडाची खुबी अशी की त्याचे रंग विणण्याआधीच सुतावर चढवलेले असतात. उभ्या आणि आडव्या धाग्यांमधून चौकडा आपोआप उमटतो, म्हणून त्याला सुलट-उलट नसतं, दोन्ही बाजू सारख्याच. निळ्यासाठी नीळ, पिवळ्यासाठी हळद, लालसाठी किनाऱ्यावरच्या रेताड जमिनीत वाढणाऱ्या एका झुडपाची मुळं. एका ताग्यात आठ चौरस, म्हणजे आठ रुमाल, सलग विणलेले असायचे आणि गिऱ्हाईक पाहिजे तिथून कापून घ्यायचं. इंग्रज व्यापारी याला ‘मद्रास हँडकरचीफ’ म्हणत. मराठीत रुमाल खिशातही असतो आणि डोक्यालाही बांधला जातो. मद्रासच्या या रुमालाच्या नशिबी डोकं होतं.

तो इतक्या लांब गेला कसा, याचं उत्तर युरोपातल्या दोन कायद्यांत सापडतं. भारतीय रंगीत सुती कापडाने तिथल्या बाजारात इतकी मुसंडी मारली की तिकडचे विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने १६८६ मध्ये हिंदुस्थानी रंगीत कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० मध्ये तसाच कायदा केला. पण इंग्लंडच्या कायद्यात एक वाट मोकळी ठेवली होती: असं कापड देशात वापरायला मनाई, मात्र गोदामात उतरवून पुढे दुसऱ्या मुलखात पाठवायला परवानगी. हा दुसरा मुलूख म्हणजे पश्चिम आफ्रिका आणि वेस्ट इंडीज. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना जो माल मोजला जाई, त्यात कोरोमंडलच्या कापडाचा मोठा वाटा होता. ही गोष्ट सांगताना टाळता येत नाही. मद्रासच्या इतिहासात विणकराच्या हाताची कमाल आहे तशी गुलामांच्या जहाजाची घाणही आहे. उत्सवाच्या रंगीत पुस्तिकांमध्ये ही दुसरी बाजू सहसा येत नाही, आणि यायला हवी.

मळ्यावर गुलामाला अंगावर काय मिळायचं हे फ्रान्सने कायद्यानेच ठरवून दिलं होतं. १६८५ च्या ‘काळ्या संहिते’च्या २५ व्या कलमानुसार मालकाने प्रत्येकाला वर्षाला जाड्याभरड्या कापडाचे दोन पोशाख द्यायचे, किंवा मालकाच्या मर्जीनुसार चार वार कापड. हा वार फ्रेंच मापाचा, आपल्या वारापेक्षा थोडा मोठा. वर्षभर ऊन, पाऊस आणि उसाची धारदार पाती यांना तोंड द्यायला एवढंच. आणि तरीही पुढच्या शतकातल्या चित्रांमध्ये बाजाराच्या दिवशी बायका रंगीत चौकड्याचं फडकं बांधून उभ्या दिसतात. ते त्यांना मालकाने दिलेलं नव्हतं. मळ्याच्या कडेला मिळालेल्या तुकडाभर जमिनीत त्या कंदमुळं आणि भाजी पिकवत, कोंबड्या पाळत, रविवारी ते बाजारात विकत आणि त्या पैशातून रुमाल घेत. त्यांच्या आयुष्यात स्वतः निवडून घेतलेल्या वस्तू फार थोड्या होत्या. हा रुमाल त्यातला एक.

ही चित्रं आपल्यापर्यंत आली ती आगोस्तिनो ब्रुनियास या इटालियन चित्रकारामुळे. १७६३ मध्ये डोमिनिका इंग्रजांच्या ताब्यात आलं. अशा नव्याने मिळालेल्या बेटांवरच्या जमिनी विकायला सर विल्यम यंग आले आणि ब्रुनियास त्यांच्याबरोबर आला. पुढे १७९६ मध्ये तो डोमिनिकाच्या रोझो गावातच वारला. त्याने डोमिनिकातला कापडबाजार रंगवला, भाजीवाल्या रंगवल्या, नदीवर धुणं धुणाऱ्या रंगवल्या. पागोट्यासारखे बांधलेले रुमाल, गळ्यातल्या माळा, खांद्यावरचा त्रिकोणी स्कार्फ, घागऱ्याचा घोळ हे सगळं त्याने बारकाईने टिपलं. मळेवाल्या आश्रयदात्यांसाठी काढलेल्या या चित्रांत चाबूक कुठे दिसत नाही, हा त्यांचा मोठा खोटेपणा. पण बाईने डोकं कसं बांधलं होतं, हे मात्र त्याने खरं सांगितलं, आणि आजच्या पोशाखाची वंशावळ शोधणाऱ्याला पुन्हापुन्हा त्याच्याकडेच यावं लागतं.

काळ्या आणि मिश्रवंशीय बायकांचं हे नटणं सत्ताधाऱ्यांना खुपत होतं. मार्टिनिकमध्ये १७२० साली गुलामांनी आणि मुक्त काळ्या लोकांनी काय घालावं यावर निर्बंध आले. सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, तिथे १७७९ मध्ये तसाच हुकूम निघाला. सर्वांत गाजलेला हुकूम समुद्रापलीकडच्या न्यू ऑर्लिन्समधला. १७८६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मावलं की काळ्या वंशाच्या बायकांनी केसांत पिसं आणि दागिने घालू नयेत, केस फडक्याने झाकावेत. बायकांनी हुकूम पाळला. त्यांनी फडकं बांधलं, पण सर्वांत भारी, सर्वांत झगझगीत रंगाचं, आणि इतक्या उंचावर की गोऱ्या बायकांनीच वळून पाहावं. या एका हुकमातूनच डोक्याच्या बांधणीची सगळी परंपरा जन्मली असं कधीकधी सांगितलं जातं. ते बरोबर नाही. आफ्रिकेत डोकं बांधण्याची रीत होतीच आणि बेटांवरच्या बाजारात रुमाल त्याआधीच पोचला होता. हुकमाने फक्त त्याला जिद्दीची धार दिली.

मार्टिनिकमध्ये या टोकांना भाषा मिळाली. एक टोक उभं असेल तर बाईचं मन मोकळं आहे. दोन टोकं म्हणजे ते कुणाला तरी दिलेलं आहे. तीन म्हणजे लग्न झालेलं. आणि चार टोकं असतील तर मन गुंतलेलं असूनही अजून कुणी नशीब अजमावून पाहायला हरकत नाही. आज पर्यटकांना सर्वांत आधी हेच ऐकवलं जातं आणि तेवढंच लक्षात राहतं. खरं तर बांधणी याहून कितीतरी जास्त सांगायची: कामाला निघालेल्या बाईची वेगळी, मिस्साला जाणारीची वेगळी, सुतकातली वेगळी.

या रुमालामागे एक अख्खा धंदा उभा होता आणि तो आता कुणाच्या आठवणीतही फारसा नाही. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८८७ ते १८८९ या काळात मार्टिनिकच्या सेंट-पिएर शहरात राहिला. तिथल्या ‘कालांदझ’ बायकांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे. मद्रासमधला हळदीचा पिवळा उन्हाने आणि धुण्याने मंदावतो. मार्टिनिकच्या बायकांना तर पिवळा रंग डोळ्यांत भरणारा हवा. म्हणून रुमाल कालांदझकडे जायचा. ती क्रोम पिवळा रंग बाभळीच्या जातीच्या डिंकात कालवायची आणि चौकड्यातल्या पिवळ्या पट्ट्यांवर, फक्त त्यांच्यावरच, हाताने तो लेप चढवायची. शेजारच्या लाल पट्टीवर रंग सांडता कामा नये, एवढी नजर हवी. लेप सुकला की कापड खळ दिल्यासारखं ताठ व्हायचं. मग ते एकदाच नीट बांधून ठेवायचं आणि रोज टोपीसारखं डोक्यावर चढवायचं. कोरोमंडलच्या विणकराने अर्धं केलेलं काम हजारो मैलांवर एक बाई पूर्ण करत होती, आणि दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. ८ मे १९०२ च्या सकाळी पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला. काही मिनिटांत सेंट-पिएर आणि तिथली सुमारे २८,००० माणसं नाहीशी झाली. ज्या शहराच्या थाटामाटावर या बायकांचं पोट होतं, ते शहरच उरलं नाही.

रंग उतरण्याची ही गोष्ट पुढे अमेरिकेतही घडली आणि तिचा धागा मुंबईपर्यंत येतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सी. पी. कृष्णन नायर यांनी विकलेलं मद्रास न्यूयॉर्कमधल्या एका बड्या दुकानात सदऱ्यांच्या रूपात गेलं. गिऱ्हाइकांनी ते यंत्रात धुतलं, रंग वाहिले आणि तक्रारींचा पाऊस पडला. मग रंग वाहणं हाच या कापडाचा गुण आहे अशी जाहिरात झाली आणि माल हातोहात खपला. याच नायर यांनी पुढे मुंबईत सहार विमानतळाजवळ लीला हॉटेल उभं केलं.

रुमालाखालचा पोशाख म्हणजे ‘वोब द्वियेत’. पांढरं झालरवालं आतलं पोलकं आणि परकर, त्यावर लांब झगा, मागे सोडलेला घोळ, खांद्यावर त्रिकोणी स्कार्फ. याच्या जोडीला सोनं. बोरमाळेसारखी गोल मण्यांची ‘कोलिए शू’, अळीसारख्या वळ्यांच्या बाळ्या, रुमालात खोचायची आणि चालताना थरथरणारी पिन. एका जाड साखळीला ‘फोर्सा’ म्हणतात, म्हणजे सक्तमजुरीचा कैदी. १८४८ मध्ये फ्रेंच बेटांवरची गुलामगिरी संपली. त्यानंतर पै-पैशाची बचत याच सोन्यात गेली, कारण बँकेचं दार या बायकांसाठी नव्हतं आणि गळ्यातलं सोनं कुणी नाकारू शकत नव्हतं.

मद्रास बेटांवर आणलं ते भारतीय मजुरांनी, असं ठिकठिकाणी सांगतात. घडलं ते उलट्या क्रमाने. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून करारावर भारतीय मजूर आणले गेले. ‘ओरेली’ हे जहाज त्यांना घेऊन १८५३ मध्ये मार्टिनिकला पोचलं आणि १८५४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ग्वादेलूपला. पुढच्या साडेतीन दशकांत ग्वादेलूपला सुमारे ४२,००० आणि मार्टिनिकला सुमारे २५,००० माणसं उतरली. पाँडिचेरी आणि कारिकल इथून चढलेली यातली बरीचशी तमिळ मुलखातली होती, म्हणजे ज्या किनाऱ्यावर हे रुमाल विणले जात तिथलीच. ती बंदरावर उतरली तेव्हा त्यांच्या मुलखाचं कापड समोरच्या काळ्या बायकांच्या डोक्यावर शंभरेक वर्षांपासून बसलेलं होतं. कापडाला तिथे घर मिळालं होतं, माणसांना मिळायला मात्र फार वेळ लागला. ग्वादेलूपमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना फ्रेंच नागरिकत्वाचे हक्क मिळावेत म्हणून आंरी सिदांबारोम यांनी १९०४ मध्ये लढा सुरू केला, तो १९२३ मध्ये यशस्वी झाला. सिदांबारोम म्हणजे आपलं चिदंबरम.

जमैकात हाच चौकडा ‘बंदाना’ नावाने नांदतो, बहुतेक लाल छटांमध्ये. या शब्दाचं मूळ बांधून रंगवण्याच्या आपल्या बांधणीत आहे. लुईझ बेनेट, लाडक्या ‘मिस लू’, बंदानाचा घागरा आणि डोक्याला बंदाना बांधून रंगमंचावर उभ्या राहायच्या आणि सुशिक्षितांनी गावंढळ ठरवलेल्या बोलीत कविता म्हणायच्या. बाजारातल्या भाजीवालीचा पोशाख त्यांच्यामुळे राष्ट्रीय पोशाख झाला.

फ्रेंच बेटांवर मात्र एक अडचण झाली. वसाहतीच्या काळात हसरी, मद्रास बांधलेली ‘दुदू’, म्हणजे ‘लाडकी’, पोस्टकार्डांवर आणि रमच्या बाटल्यांवर छापली गेली. विसाव्या शतकातल्या मार्टिनिकच्या लेखकांनी या गोडगोड चित्राला ‘दुदूइझम’ म्हणून झोडपून काढलं. त्यांचा राग रास्त होता. पण दोष फडक्याचा नव्हता, ते विकायला काढणाऱ्यांचा होता. पुढच्या पिढ्यांनी ते परत घेतलं. सेंट लुशियात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘जुने क्वेयोल’ला, म्हणजे क्रिओल दिनाला, गावंच्या गावं मद्रास घालतात. अँटिग्वाने स्वातंत्र्यानंतर स्वतःचा राष्ट्रीय पोशाख ठरवला. तो चित्रकार हेदर डोरम यांनी बेतला आणि त्यातही मद्रासच आहे.

दरवर्षी ऑगस्टमध्ये, संत लॉरेन्सच्या सणाच्या सुमारास, ग्वादेलूपच्या प्वांत-आ-पीत्र शहरात स्वयंपाकिणींचा उत्सव असतो. लोखंडी जाळीवर भाजून मारलेला हा संत स्वयंपाक्यांचा रक्षणकर्ता. स्वयंपाकिणींनी १९१६ मध्ये आपलं परस्पर-साहाय्य मंडळ स्थापन केलं, आजारपणात आणि मयताच्या वेळी एकमेकींना आधार म्हणून. त्या दिवशी त्या खळ दिलेले पोशाख, डोक्याला मद्रास, अंगावर सगळं सोनं आणि संताची जाळी भरलेला एप्रन घालून चर्चमध्ये येतात. हातातल्या टोपल्या फळांनी, पदार्थांनी आणि चिमुकल्या भांड्यांनी सजवलेल्या असतात. पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, मग रस्त्यातून मिरवणूक निघते. याच बायकांच्या घरच्या चुलीवर ‘कोलंबो’ शिजतं: हळद, धणे, जिरं, मोहरी यांच्या मसाल्यातलं बकऱ्याचं नाहीतर कोंबडीचं कालवण. तो मसाला कराराच्या जहाजांतून आलेल्या भारतीय बायकांनी आणला, मद्रासच्या मागाहून.