मध्यस्थी व वाटाघाटींचे प्रशिक्षण (दिल्ली परिसर)

कोर्टात गेलेला वाद पक्षकारांना आपसांत मिटवता यावा, म्हणून तटस्थ मध्यस्थाने त्यांना बोलते कसे करायचे याचे पद्धतशीर शिक्षण. लवाद निवाडा देतो. मध्यस्थाला तो अधिकारच नसतो. त्याची सारी भिस्त ऐकण्यावर आणि नेमक्या प्रश्नांवर. उलटतपासणीत मुरलेल्या वकिलाला नेमके हेच अवघड जाते.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे सुधारित कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झाले आणि दावे मध्यस्थीकडे पाठवण्याची वाट खुली झाली. पण पाठवायचे कोणाकडे? शिकलेली माणसेच नव्हती. एप्रिल २००५ मध्ये सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती नेमली. त्याच वर्षी दिल्लीतल्या न्यायाधीशांना प्रशिक्षण देऊन तीस हजारी कोर्टात मध्यस्थी सुरू झाली. मे २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे ‘समाधान’ केंद्र उभे राहिले. तिथे मध्यस्थाच्या खुर्चीत वकील बसू लागले.

समितीचा पायाभूत अभ्यासक्रम ४० तासांचा आहे. त्याचा गाभा व्याख्यानात नाही, सोंग वठवण्यात आहे. वादाची सामाईक हकिकत सगळ्यांना मिळते. शिवाय प्रत्येक पक्षाला एक गुप्त कागद, ज्यात त्याची खरी अडचण लिहिलेली असते. मध्यस्थ झालेल्या प्रशिक्षणार्थीने ती अडचण दोन्ही पक्षांच्या एकत्र बैठकीत आणि मग प्रत्येकाशी स्वतंत्र बोलून काढून घ्यायची. एका बाजूने खासगीत सांगितलेले त्याच्या तोंडून दुसरीकडे निसटले, की चूक तिथल्या तिथे दाखवली जाते. कोणी कुठे बसायचे, पहिले वाक्य काय बोलायचे, हेसुद्धा शिकवले जाते.

वाटाघाटींच्या अशा शिक्षणावर रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या ‘गेटिंग टू येस’ (१९८१) या पुस्तकाची छाप जगभर आहे: माणूस काय मागतो याच्या मागे जाऊन त्याला काय हवे आहे ते शोधा. घराच्या वाटणीत भाऊ निम्म्या हिश्श्यावर अडून बसतो. खोदून विचारले तर त्याला धास्ती असते आईने कुठे राहायचे याची. दावा त्या धास्तीपर्यंत पोचतच नाही. दुसरा धडा पर्यायांचा: आज मिटले नाही तर हातात काय उरेल, याचा हिशेब पक्षकाराने स्वतः मांडायचा.

गुप्तता हा या कामाचा कणा. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार (२०१०) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने एवढेच कळवावे. आत काय बोलणे झाले ते नाही.

वैवाहिक वादांना २०१३ मध्ये मोठी दिशा मिळाली. न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी लिहिलेल्या के. श्रीनिवास राव निकालाने कौटुंबिक न्यायालयांना तडजोडीसाठी मध्यस्थीचा आग्रह धरायला सांगितले. इथे प्रशिक्षणाची खरी कसोटी लागते. घाबरलेल्या बाईचा होकार हा होकार नव्हे, हे मध्यस्थाला ओळखता आलेच पाहिजे. २०१७ मध्ये दयावती प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने न वटलेल्या धनादेशांच्या फौजदारी खटल्यांनाही ही वाट मोकळी केली.

व्यापारी वादांत तर ती बंधनकारकच आहे. पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनीअर्स हा वाद फरीदाबादच्या कोर्टातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ ऑगस्ट २०२२ रोजी निकाल लागला: तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थी, ती टाळून केलेला दावा फेटाळला जाईल. हा दंडक २० ऑगस्टपासून लागू झाला. सक्ती करायची तर मध्यस्थ तयारीचे हवेत, म्हणून प्रशिक्षणाची निकड न्यायालयाने त्याच निकालात मांडली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याआधीच, २०२० मध्ये, मध्यस्थी हा विषय कायद्याच्या पदवीसाठी सक्तीचा केला होता.