सेनाखासखेल, समशेर बहादूर

बडोद्याच्या गायकवाड नरेशांची ही दोन बिरुदे. ‘खासखेल’ म्हणजे धन्याची खास फौज. ‘समशेर’ म्हणजे तलवार. दुसरे बिरुद आधीचे: १७२० च्या बाळापूरच्या लढाईतील पराक्रमाबद्दल शाहू छत्रपतींनी ते दमाजींस दिले. पहिल्याची कथा अधिक बोलकी आहे. १७३१ मध्ये डभईच्या रणात सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. पिलाजी गायकवाड त्यांच्याच बाजूने, बाजीरावांविरुद्ध लढले होते. तरीही अल्पवयीन यशवंतराव दाभाड्यांचे मुतालिक म्हणून त्यांची नेमणूक होऊन ‘सेनाखासखेल’ हा किताब मिळाला. पराभूत पक्षास दिलेला हा मान औदार्याचा कमी, मुत्सद्देगिरीचाच अधिक म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी डाकोरास पिलाजींचा घात झाला. किताब मात्र वंशपरंपरेने चालला. संस्थानिकांची शासकीय मान्यता १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपली.