मनोऱ्याचं कूळ

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक त्रिकोण हमखास भेटतो. तळाशी गवत, त्यावर नाकतोडा, मग बेडूक, मग साप आणि टोकाला एकटी घार. पायरीपायरीला वर जाणारा बाण, आणि बाणाशेजारी ‘१० टक्के’. चित्र इतकं अंगवळणी पडलंय, की ते कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा काढलं असेल असं मनातच येत नाही. त्याचा माग काढत गेलं तर आधी आर्क्टिकमधलं एक ओसाड बेट लागतं, मग अमेरिकेतलं गाळानं भरत आलेलं एक तळं लागतं. त्या दहा टक्क्यांचा पत्ता मात्र दोन्ही ठिकाणी लागत नाही.

कोण कुणाला खातं हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. राजदंड नसेल तर काय होतं हे सांगायला कौटिल्यानं मत्स्यन्यायाचा दाखला दिला. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझनं आपल्या प्राण्यांवरच्या प्रचंड ग्रंथात भक्ष्य आणि भक्षकांच्या ओळीच्या ओळी लावल्या. १८५९मध्ये डार्विननं मांजरांचं नातं थेट रानफुलांशी जोडून दाखवलं : मांजरं असली की उंदीर कमी, उंदीर कमी की भुंग्यांची घरटी शाबूत, आणि भुंगे असले की तांबड्या क्लोव्हरला बी धरतं. हे सगळं ‘कोण’बद्दल झालं. ‘किती’ हा प्रश्न बराच काळ कुणी फारसा विचारला नाही.

विचारला तो कार्ल सेम्पर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं, १८८१मध्ये. वनस्पतींचं अन्न हजार एकक धरलं, तर त्यावर शंभर एकक शाकाहारी आणि त्यांच्यावर दहा एकक मांसाहारी जगतील, असा त्याचा हिशेब. यातला एकही आकडा मोजलेला नव्हता. समजा म्हणून घेतलेला होता. दहाला एक हे प्रमाण कुठल्याही तळ्याकाठी बसून कुणी काढण्याआधीच कागदावर आलं होतं, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

१९२१च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम स्पिट्सबर्गनला निघाली. ज्युलियन हक्सली तिच्यात होता, आणि त्याचा विद्यार्थी चार्ल्स एल्टनही. वय एकवीस. वाटेत बेअर आयलंड लागतं. झाड नाही, धड झुडूप नाही, आणि जिवांच्या जाती इतक्या थोड्या, की कोण काय खातं हे सगळंच्या सगळं एका पानावर मांडता यावं. उष्ण कटिबंधातल्या जंगलात हा उद्योग करायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यातच हात टेकेल. बेटाचं दारिद्र्य एल्टनच्या पथ्यावर पडलं. १९२३मध्ये त्यानं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर समरहेजनं ते चित्र छापलं. त्यात जिवाणू आहेत, शेवाळं आहेत, किडे आहेत, समुद्रपक्षी आणि त्यांची विष्ठा आहे, आणि बहुतेक सगळ्या रेघा फिरून आर्क्टिक कोल्ह्याशी येतात. हा कोल्हा उन्हाळ्यात पक्ष्यांवर ताव मारतो. हिवाळ्यात पक्षी निघून गेले की तो समुद्रावरच्या बर्फात हिमअस्वलाच्या मागे मागे हिंडतो, त्यानं टाकलेलं सीलचं उष्टं खातो, आणि तेही नसेल तर अस्वलाची विष्ठासुद्धा.

मनोरा आला तो १९२७च्या ‘ॲनिमल इकॉलॉजी’ या पुस्तकात. एल्टननं ते जेमतेम तीन महिन्यांत लिहिलं, आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना आजही त्याला वळसा घालता येत नाही. ओकच्या रानात उन्हाळ्यात मावा अगणित, कोळी आणि भुंगेरे पुष्कळ, लहान पक्षी बऱ्यापैकी आणि ससाणे एक-दोन, असं त्यानं दाखवलं. कारणही दिलं. लहान जीव झपाट्यानं वाढतात, त्यामुळे त्यांच्यात खाऊन जाण्याजोगी शिल्लक राहते. मोठे जीव ती शिल्लक खातात, पण स्वतः सावकाश वाढतात. वर जाता जाता अशी पायरी येते, की तिथल्या मूठभर प्राण्यांवर आणखी कुणाचं पोट भरणं शक्य नसतं. साखळी तिथे थांबते. हा संख्येचा मनोरा होता. त्यात ऊर्जा कुठेच नव्हती, आणि म्हणून तो कधी कधी उलटाही होई : एका झाडावर हजारो अळ्या असतात, आणि परजीवींची साखळी तर पायरीपायरीला बारीक आणि संख्येनं मोठी होत जाते.

उलटा होणार नाही असा मनोरा हवा तर मोजायचं तरी काय? उत्तर मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकवर सापडलं. हे तळं सुमारे मीटरभर खोल. सरोवर म्हणून त्याचे दिवस भरत आलेले, कडेनं दलदल आत सरकत चाललेली. रेमंड लिंडमन या शेतकऱ्याच्या मुलानं पीएचडीसाठी हे तळं धरलं आणि पत्नी एलिनॉरच्या साथीनं पाच वर्षं त्याचा पिच्छा पुरवला. पाणवनस्पती, प्लवक, गाळातले किडे, मासे, सगळ्यांचं वजन काढायचं, त्याचे कॅलरीत आकडे करायचे आणि ते तळ्यावर पडणाऱ्या उन्हाशी ताडून पाहायचे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घेऊन तो १९४१मध्ये येल विद्यापीठात जी. ई. हचिन्सनकडे गेला. तिथे त्या दोघांनी प्रत्येक पोषण पातळीला ग्रीक अक्षर दिलं, आणि जीवसृष्टीचा जमाखर्च बीजगणितात मांडला.

‘इकॉलॉजी’ या नियतकालिकानं लेख दोन परीक्षकांकडे पाठवला. पॉल वेल्च आणि चॉन्सी जूडे, दोघेही सरोवरांच्या अभ्यासात हयात घालवलेले. दोघांनी नकार दिला. सिद्धान्त फार, पुरावा थोडा. आणि प्रत्येक सरोवराचा स्वभाव निराळा असताना एका-दोघांवरून नियम कसा बांधणार? आक्षेप अगदीच गैर नव्हता. गंमत अशी, की लिंडमननं तुलनेसाठी वापरलेले विस्कॉन्सिनच्या मेंडोटा सरोवराचे आकडे खुद्द जूडेच्याच १९४०च्या लेखातले होते. हचिन्सननं संपादक थॉमस पार्क यांना सविस्तर पत्र लिहिलं आणि पार्क यांनी परीक्षकांचं मत डावलून लेख घेतला. ऑक्टोबर १९४२मध्ये तो छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. यकृताच्या आजारानं तो जूनमध्येच गेला होता. सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायलाही काही दिवस बाकी होते.

त्या लेखातले आकडे पाहण्यासारखे आहेत. सीडर बॉग लेकमध्ये वनस्पतींनी पकडलेलं ऊन अवघं ०.१० टक्का. त्यातलं शाकाहारींकडे गेलं १३.३ टक्के, आणि शाकाहारींकडून मांसाहारींकडे २२.३ टक्के. मेंडोटात हेच आकडे ०.४०, ८.७ आणि ५.५, आणि त्यावरच्या पायरीला १३. दहा कुठेच नाही. लिंडमनचं म्हणणं निराळंच होतं : प्रत्येक पायरीवर ऊर्जेचा मोठा भाग श्वसनात उष्णता होऊन निघून जातो, तो परत मिळत नाही, म्हणून ऊर्जेचा मनोरा वर निमुळता होणारच.

हचिन्सनचाच विद्यार्थी हॉवर्ड ओडम यानं १९५७मध्ये फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज झऱ्याचा हिशेब असाच मांडला. दर चौरस मीटरमागे वर्षाला वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी बांधल्या. शाकाहारींपर्यंत ३,३६८ पोचल्या, मांसाहारींपर्यंत ३८३, आणि सर्वांत वरच्यांना २१. म्हणजे साधारण सोळा टक्के, अकरा टक्के, साडेपाच टक्के. जमेच्या बाजूला आणखी एक रक्कम आहे, ४८६ किलोकॅलरींची. झरा पाहायला येणारे पर्यटक माशांना पाव टाकत. ती बहुतांशी त्या पावाची आहे. असा प्रामाणिक हिशेब शास्त्रात क्वचित वाचायला मिळतो.

मग दहाला इतकं वजन कुठून आलं? लॉरेन्स स्लोबोडकिननं प्रयोगशाळेत पाणपिसवा पाळल्या, त्यांतल्या ठरावीक उचलून स्वतःच भक्षकाची भूमिका केली, आणि पाच ते वीस टक्क्यांचा पल्ला सांगितला. पल्ला लक्षात ठेवण्यापेक्षा दहा लक्षात ठेवणं सोपं. पाठ्यपुस्तकांनी तेच केलं. स्लोबोडकिननं १९७२मध्ये हे प्रमाण स्थिर नसतं यावर स्वतंत्र लेख लिहिला, पण तोवर त्रिकोण फळ्यावर चढला होता.

आणि तरीही दहाला सरसकट खोटं म्हणता येत नाही. डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी १९९५मध्ये पाण्यातल्या परिसंस्थांची ४८ प्रारूपं तपासली. एकेक आकडा २ ते २४ टक्क्यांदरम्यान हेलकावत होता, सरासरी मात्र १०.१ निघाली. त्या सरासरीनं कोकणातला बाजार मोजता येतो. तारली प्लवकावर जगते, म्हणजे एक किलो तारलीमागे सुमारे दहा किलो प्लवक. सुरमई तारलीसारखे मासे खाते, म्हणजे किलोभर सुरमईमागे प्लवक शंभर किलोंच्या घरात. पॉली आणि क्रिस्टेन्सन यांनी जगभरच्या मासेमारीला हाच हिशेब लावला. खुल्या महासागरात वनस्पतींनी बांधलेल्या ऊर्जेचा दोनेक टक्के भाग मासेमारीमागे खर्ची पडत होता. किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रांत, जिथे जाळी सर्वांत दाट पडतात, तो २४ ते ३५ टक्क्यांपर्यंत पोचला होता.