नेस्बिटच्या बालकादंबऱ्यांतील चमत्कार आणि व्यवहार

अद्भुत बालकथा म्हणजे वास्तवापासून पलायन, असा समज रूढ आहे. इंग्रज लेखिका एडिथ नेस्बिट (१८५८–१९२४) हिच्या कादंबऱ्यांचे परिशीलन केल्यास तो टिकत नाही.

'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' ही तिची कादंबरी १९०२ साली 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. केंट परगण्यातील एका खडीच्या खाणीत पाच भावंडांना वाळूत राहणारा एक चिडखोर, विलक्षण प्राणी सापडतो. तो रोज एक इच्छा पुरी करतो. मात्र सूर्यास्ताबरोबर तिचे फळ नाहीसे होते. दर अंकात एक प्रसंग संपविण्याची मासिकाची गरज या नियमाच्या मुळाशी असावी. मुले सौंदर्य मागतात, तर तान्हा भाऊच त्यांना ओळखीत नाही. मोलकरीण घरात घेत नाही आणि जेवण चुकते. संपत्ती मागतात, तर खाण सोन्याच्या गिनींनी भरते. परंतु ती नाणी चलनातून केव्हाच गेलेली! रॉचेस्टरचे दुकानदार ती नाकारतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. चमत्कार येथे तंतोतंत फळतो; अडतो तो बाजारात आणि घराच्या दाराशी. बालवाचकाला हसू येते तेही तेथेच.

ही दृष्टी आकस्मिक नव्हे. १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापकांत नेस्बिट व तिचा पती ह्यूबर्ट ब्लँड होते, आणि त्यांचा संसार बव्हंशी तिच्या लेखणीवर चाले. 'द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट' (१९०६) ही कादंबरी तिने ब्रिटिश म्यूझियममधील पंडित वॉलिस बज यांना अर्पण केली आहे. तीत बाबिलोनची राणी लंडनला येते. तेथील कामकऱ्यांना ती गुलामच समजते व त्यांची हलाखी पाहून बंडाची भीती बोलून दाखविते. त्यांना मताधिकार आहे, असे मुले सांगतात. मत म्हणजे ताईत काय, अशी राणीची पृच्छा. मुलांपाशी उत्तर नाही. शेवटी ते एक खेळणे असावे, असे ती ठरविते. ज्या कथेचा सारा डोलारा एका ताइतावर उभा आहे, तीत हा प्रश्न यावा हे मार्मिक होय.

हीच रीत पुढे अमेरिकन लेखक एडवर्ड ईगर याने 'हाफ मॅजिक' (१९५४) मध्ये चालविली. त्यातील मुले नेस्बिटच्या पुस्तकांची चाहती आहेत. त्यांना सापडलेले नाणे मागितल्याच्या निम्मेच देते. म्हणून प्रत्येक इच्छेपूर्वी त्यांना दुपटीचा हिशेब करावा लागतो.